टपावरची लाट

४ एप्रिल

सोसायटीने गाड्यांवरची शेड काढून टाकली. गंजली होती, कुणाच्या तरी डोक्यात पडली असती, हे सगळं मान्य. पण नवी कधी घालणार असं विचारलं तर सेक्रेटरी म्हणाला, "बघू." या "बघू"चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. तोवर माझी गाडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघड्या उन्हात भाजणार.

गाडी गडद निळी. मोटारींच्या कारखान्यात सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली, दुसऱ्यांच्या गाड्या तपासल्या, आणि निवृत्त झाल्यावर ही पहिली स्वतःची घेतली. शेवटचीही हीच. आमच्या हिला वाटतं मी गाडीचे फाजील लाड करतो. आज टपावर ओला फडका मारताना बघून म्हणाली, "माझ्या खोलीतला पंखा कुरकुरतोय महिनाभर, त्याच्याकडेही कधी प्रेमाने बघा."

टपाचा रंग अजून शाबूत आहे. उन्हाने आधी वरची चकाकी जाते, मग रंग पांढुरका पडतो. त्याआधी काहीतरी हातपाय हलवायला हवेत.

८ एप्रिल

टपावर चिकटवायच्या संरक्षक आवरणाची चौकशी करून आलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत समोरासमोर दोन दुकानं आहेत आणि दोघांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं सख्य.

डावीकडे फिल्मवाली बाई. तिची फिल्म पारदर्शक, जाड आणि मऊ. मूळ रंग दिसत राहतो, बारीक ओरखडा पडला तर उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतो. महाग आहे. समोर व्हिनिलवाला. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. त्याचं व्हिनिल पातळ, रंगीत, हवा तो रंग घ्या. त्याने चहा मागवला, माझी नोकरी विचारली, "म्हणजे तुम्ही तर आमचे गुरू," म्हणाला. व्हिनिल टपावर किती वर्षं टिकतं हे विचारल्यावर मात्र चहात साखर कमी आहे का ते विचारू लागला. फिल्मवालीने ते न विचारताच सांगितलं होतं. दारांवर व्हिनिल टिकतं, पण टपावर ऊन थेट पडतं, तिथे ते लवकर वाळतं आणि काढताना गोंद मागे राहतो.

मनाने फिल्मकडे कौल दिला होता. पण फिल्म लावण्याआधी टप तपासावा लागतो, कारण खाली जे असेल ते तसंच दिसत राहणार. बाईंनी गाडी ट्यूबलाइटखाली घेतली. मीही सवयीने वाकलो. कारखान्यात आम्ही असंच करायचो. डोळे पत्र्याच्या पातळीला आणायचे, डावा मिटायचा आणि पत्र्यात पडलेलं ट्यूबचं प्रतिबिंब उजव्याने बघायचं. रेघ सरळ असेल तर पत्रा पुढे जातो. रेघ मोडली तर पत्र्याला लाट आहे, मेणखडूने गोल करायचा आणि परत पाठवायचा.

रेघ मोडलेली होती. अगदी मधोमध.

"बाई, ही लाट बघितलीत?"

ती वाकली. "कुठे, काका? मला तर सरळ दिसतंय."

"डावा डोळा मिटून बघा."

"मी दोन्ही डोळ्यांनी बघते. देवाने दोन दिलेत ना."

मला राग आला. माझ्या नजरेखालून किती टप गेले असतील याची तिला कल्पना नाही. कारखान्यात साहेब लोकसुद्धा मी गोल केलेल्या पत्र्यावर वाद घालत नसत. फिल्म विकायची घाई झालीय बाईला, दुसरं काय. मी गाडी घेऊन घरी आलो.

९ एप्रिल

लाट आपोआप येत नाही. वरून वजन पडल्याशिवाय पत्रा दबत नाही. सकाळभर आठवत बसलो आणि आठवलं. लेकीने घर बदललं तेव्हा जावयाने गाडी नेली होती आणि पुस्तकांचं कपाट टपावर बांधून नेलं होतं. मी तेव्हाच म्हणालो होतो, टेम्पो करा.

जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. माणूस सरळ, कष्टाळू, पण वस्तू वापरायच्या असतात असं मानणारा. जपायच्याही असतात हे त्याच्या गावी नाही.

१० एप्रिल

फोन केला. जावई म्हणाला, "बाबा, खाली दोन ब्लँकेटं घातली होती. काही झालं नाही."

"म्हणजे लाट मी घरी बसून तयार केली?"

"तसं नाही, पण..."

मी म्हणालो, चूक झाली तर माणसाने कबूल करावी, खोटं बोलू नये. हा शब्द जरा जड गेला. फोन लेकीने घेतला. "बाबा, तुम्ही त्यांना खोटारडं म्हणालात?" मी म्हणालो, मी खोटं म्हणालो, खोटारडा म्हणालो नाही. तिने फोन आपटला. ही बाजूलाच उभी होती. पदराने हात पुसत म्हणाली, "एका पत्र्यापायी." एवढंच बोलून आत गेली.

पत्रा नुसता पत्रा नाही हे हिला कसं सांगू. माझ्या डोळ्याला जे दिसतं ते नाही असं मला कुणी आजवर म्हटलेलं नाही.

१७ एप्रिल

विचित्र प्रकार. मी मधल्या लाटेभोवती मेणखडूने गोल केला होता. आज जिन्यातल्या ट्यूबच्या उजेडात दुसऱ्या बाजूने बघितलं तर लाट गोलाच्या बाहेर, दरवाजाच्या अंगाला. तिथेही गोल केला. मग पुढच्या काचेच्या बाजूने बघितलं तर तिथेही लाट. पत्रा ताणाखाली असेल तर उन्हात तापून सरकतो, तसं असावं. एका जागी दाबलं की दुसरीकडे उचलतं.

ही खाली भाजी आणायला निघाली होती. टपावर जागोजागी गोल बघून थबकली. मला वाटलं आता काहीतरी खवचट बोलणार. बोलली नाही. नुसती बघत राहिली आणि पिशवी घेऊन गेली.

२२ एप्रिल

गाडीचं कमी होतं म्हणून घराचंही निघालं. न्हाणीघरातल्या फरशांची ओळ वाकडी आहे. इतकी वर्षं लक्षातच आलं नाही. डावा डोळा मिटून बघितलं तर ओळ मध्ये चांगली फुगलेली. दाराची चौकटही तशीच. इमारत खचत असली तर? गवंड्याला बोलावलं. त्याने ओळंबा लावला, पाण्याची पातळी लावली आणि म्हणाला, "साहेब, घर ठणठणीत आहे." मग माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?" घराची तपासणी करायला बोलावलं तर हा माझी करतो!

पूर्वी लोक कामाला चोख होते. आता जो तो "सरळ आहे, सरळ आहे" म्हणून मोकळा होतो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायला लागली आहे. सगळीकडे वाकडंच दिसावं आणि ते फक्त मला दिसावं, म्हणजे लोक खोटं बोलतात की मीच चळलो आहे?

२७ एप्रिल

रविवार. लेक आली नाही. गेल्या रविवारीही आली नव्हती. हिने सवयीने चार ताटं घेतली आणि दोन परत ठेवली.

३ मे

आज जावई आला, एकटाच. दारातच चपला काढत म्हणाला, "बाबा, जरा बोलायचं होतं." ही पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

तो खाली मान घालून म्हणाला, "टप माझ्याकडूनच दबला. कपाट चढवताना एक कोपरा निसटला होता. तेव्हा सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

छातीवरचं ओझं उतरलं. किती दिवसांनी नीट श्वास घेतला. मी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "जावईबापू, पत्र्याचं काही नाही हो, पत्रा काय, बदलता येतो. माझ्या नजरेवरचा माझा विश्वास उडत चालला होता, तो तुम्ही परत दिलात." तो चहासुद्धा अर्धा ठेवून गेला. लाज वाटली असेल बिचाऱ्याला.

हिला म्हणालो, "बघ, मी सांगत होतो." ही म्हणाली, "हो. सांगत होतात."

आता डोळे तपासून घ्या, गवंडी काय म्हणाला ऐकलंत ना, असं हिचं चार दिवस चाललं होतं. सोमवारी डॉक्टरकडे नेणारच म्हणाली होती. तो विषय आज मिटला.

४ मे

गोडबोल्याकडे गेलो. त्यालाही टप दाखवला. तो वाकला, डावा डोळा मिटला आणि लगेच म्हणाला, "आहे ना काका, चांगली मोठी लाट आहे. समोरच्या बाईंना दिसली नाही? कमाल आहे." चमकदार व्हिनिलमध्ये लाट उठून दिसेल, पण बिनचमकीचं काळं लावलं की पत्ता लागणार नाही, असं म्हणाला. ठरवून टाकलं. फिल्म सगळं दाखवते, तिचा आता उपयोग नाही. त्याच्याकडे गर्दी आहे, विसाव्या तारखेला बोलावलंय.

लेकीचा फोन आला. आवाज जरा ओढलेला होता, पण बोलली. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

११ मे

लेक आणि जावई जेवायला. पुन्हा सगळं सुरळीत. जावई माझ्याशी बोलताना नजर मात्र वर करत नव्हता. मी दोनदा मुद्दाम विनोद केला. लेकच जास्त हसली.

१४ मे

हिने सुई ओवायला दिली. हे काम पहिल्यापासून माझं. डावा डोळा मिटला, तर सुईचं नेढंच दिसेना, नुसता राखाडी ठिपका. म्हणालो, सुई बदल, ही भिकार आहे. हिने दुसरी दिली. तीही तसलीच. मग हिने माझ्या हातातून दोन्ही घेतल्या आणि म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे जाऊ या." मी चिडलो. वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, रस्त्यावरच्या पाट्या वाचतो, मला काय झालंय? जावयाने कबूल केलं तरी हिचं आपलं तेच.

ही रडली. सुईवरून रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

२० मे

आज रात्री उशिरा लिहायला बसलो.

गोडबोल्याकडे जायचं म्हणून जावई रजा काढून आला होता. गाडी तोच चालवत होता, मला नको म्हणाला. दुकानात गाडी ट्यूबखाली घेतली. गोडबोल्या व्हिनिलचा रोल सोडत होता. मला वाटलं, झाकण्याआधी एकदा नीट बघून घ्यावं, कपाटाचा कोपरा नेमका कुठे लागला ते कळावं. चांगल्या भावनेनेच म्हणालो, "जावईबापू, कुठे निसटलं होतं, बोट ठेवा बरं."

त्याने बोट ठेवलं, मागच्या काचेजवळ. तिथे तर मी गोलही केलेला नव्हता. मी वाकून बघितलं. बोटाजवळ लाट होती.

"बरोबर. पण मग मधली कशी आली?"

त्याने बोट मधे आणलं. लाट मधे आली. मी म्हणालो, "पुढे घ्या." त्याने पुढे घेतलं. लाट त्याच्या बोटाबरोबर पुढे आली. मी जिथे बघेन तिथे ती माझ्या आधी हजर. तळवा ठेवून चाचपलं. पत्रा गुळगुळीत, कुठे खळगा नाही, उंचवटा नाही.

मी विचारलं, "खरं सांगा. कपाट निसटलं होतं का?"

तो गोडबोल्याकडे बघायला लागला. गोडबोल्या रोल गुंडाळायला लागला.

"निसटलं नव्हतं, बाबा," जावई म्हणाला. "आणि मला लाट कधी दिसलीच नाही."

मी उजवा डोळा मिटला आणि डाव्याने बघितलं. मी असं कधीच बघितलेलं नाही, पहिल्या दिवशी फोरमनने डावा मिटायला शिकवलं तेव्हापासून. ट्यूबची रेघ टपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. डोळे बदलले. रेघ मोडली, आणि मोडली तिथे राखाडी ठिपका. पुन्हा बदलले. सरळ.

 जावयाने मला खुर्चीवर बसवलं. गोडबोल्या म्हणत होता, "काका, मग व्हिनिल कधी लावू या?"

२१ मे

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. जावई आम्हांला दारात सोडून गाडी लावायला गेला, जागा मिळेना म्हणून लांब. आत मी आणि ही.

बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, फोटो काढला. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी आणि थोडं रक्त साठलं आहे. पडद्याच्या मधोमध, जिथून माणूस बारीक वाचतो आणि रेघ सरळ आहे की वाकडी ते बघतो. दुसरा डोळा चांगला असला की तो सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, असं म्हणाल्या. डाव्याला सध्या धोका नाही, पण दर महिन्याला तपासायचा.

"सरळ रेघा वाकड्या कधीपासून दिसतात?"

"एप्रिलच्या सुरुवातीपासून," मी म्हणालो.

त्या लिहायच्या थांबल्या. "एवढा वेळ काय केलंत?"

काय सांगणार. मी टपावर गोल काढत होतो. गवंडी बोलावत होतो. म्हणालो, "गाडीचा दोष आहे असं वाटलं."

"रेघ वाकली की लगेच यायचं असतं. पाणी साठतं तेव्हा इंजेक्शनने ओसरतं. मेच्या आरंभीही आला असतात तरी बरंच वाचलं असतं. आता मधे व्रण झालाय. इंजेक्शनं देऊ, पण आहे तेवढं टिकवण्यासाठी. गेलेलं येईल असं मी म्हणणार नाही."

मेचा आरंभ. मी मनात दिवस मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. जावई कबूल करायला आला नसता तर त्याच सोमवारी ही मला ओढून इथे आणणार होती, हे मला ठाऊक आहे. हिलाही ठाऊक आहे. ही माझ्याकडे न बघता पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

आज पहिलं इंजेक्शन दिलं. डोळ्यात सुई जाते या कल्पनेनेच मी अर्धा झालो होतो. प्रत्यक्षात दुखलं नाही. बाहेर आलो तेव्हा जावई धावत येत होता. "काय म्हणाल्या?" मी म्हणालो, "इंजेक्शनं घ्यायची. घरी चला, भूक लागलीय."

२९ मे

फिल्मवालीकडे गेलो, रिक्षाने. गाडी जावयाने आधीच नेली होती. बाईंना म्हणालो, "त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. माझ्या डोळ्यात दोष होता." ती एवढीशी झाली. म्हणाली, "काका, माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं." मी म्हणालो, "तुम्ही रंगाच्या डॉक्टर, माणसांच्या नव्हे. लावा तुमची फिल्म." मेणखडूचे गोल तिने पुसून काढले, टप तीनदा धुतला, पाणी शिंपडून फिल्म पसरली आणि मधून कडेकडे पाणी दाबत गेली. मी खुर्चीवर बसून दोन्ही डोळ्यांनी बघत होतो. लावून झाल्यावर काही लावलंय असं वाटत नव्हतं.

गाडी मी चालवणार नाही, निदान डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत. ते ऐकून लेक हायसं वाटल्यासारखी झाली आणि मला उगाचच वाईट वाटलं.

१ जून

रविवार. सगळे जेवले. जावई पंखा उतरवून बसला होता, अखेर हिच्या पंख्याला वाली मिळाला. लेक माझ्याजवळ येऊन बसली.  मग म्हणाली, "बाबा, त्यांना काही बोलू नका. हो म्हणा असं मीच त्यांना सांगितलं होतं. ते तयार नव्हते. म्हणाले, खोटं कशाला बोलायचं, बाबांना खरंच काही दिसत असेल तर? मीच मागे लागले. मला वाटलं, एकदा हो म्हणून टाकलं की तुम्ही शांत व्हाल. मला घरी यायचं होतं."

तिचा हात माझ्या हातात होता. गार पडला होता.

"डॉक्टर काय म्हणाल्या? खरं सांगा. उशीर झाला म्हणाल्या का?"

उजव्या डोळ्याने बघितलं तर लेकीच्या चेहऱ्याच्या जागी ठिपका येतो, कडेने केस दिसतात, कान दिसतात. डाव्याने ती पूर्ण दिसते. मी डाव्याने बघितलं. तिची हनुवटी थरथरत होती, लहानपणी काही मोडून आली की थरथरायची तशी. सगळी नोकरी मी वाकडा पत्रा सरळ म्हणून पुढे सोडला नाही, आणि कधी सोडलाच तर हात कापेल असं मला वाटायचं.

"छे," मी म्हणालो. "अगदी वेळेत आलात म्हणाल्या. हा आजार दीडेक महिना झाल्याशिवाय ओळखूच येत नाही. आधी आलो असतो तर परत पाठवलं असतं."

लेकीचा विश्वास बसेना. ती वळून स्वयंपाकघराकडे बघायला लागली. ही दारात उभी होती, ओले हात तसेच. डॉक्टरीणबाई बोलत होत्या तेव्हा ही माझ्या शेजारीच होती.

"आई, खरं?"

"खरं," ही म्हणाली. "मी तिथेच होते ना. असंच म्हणाल्या."

लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मोकळी होऊन. मी हिच्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून आजवर माझ्या एकाही बोलण्याला हिने असा एका फटक्यात होकार दिला नव्हता.